कंपनी म्हणते, ‘फ्लॅटचं आम्ही बघतो’

प्रश्न : मी एका गेम स्टुडिओत थ्रीडी आर्टिस्ट आहे. आमचं पणजीतलं ऑफिस बंद करून सगळ्यांना पुण्याला हलवतायत. पर्वरीला आमचा फ्लॅट आहे, गृहकर्ज अजून बरंच बाकी आहे. एचआर म्हणते, सामान हलवायचा खर्च कंपनीचा, फ्लॅट कंपनीने नेमलेली एजन्सी विकून देईल आणि विकेपर्यंत हप्ते कंपनी भरेल. त्यासाठी एका पत्रावर आणि एजन्सीच्या नावे मुखत्यारपत्रावर माझी आणि बायकोची सही मागितली आहे. बऱ्याच सहकाऱ्यांनी सह्या दिल्या. बायको तयार नाही. काय करावं?
– एक वाचक, पर्वरी

उत्तर : या कागदांवर सही करू नका. तुमच्या पत्नीचं बरोबर आहे. शिवाय तुम्ही गोव्याचे आणि लग्न इथे नोंदलेलं असेल, तर तिच्या सहीशिवाय फ्लॅट विकताच येणार नाही. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर इथल्या कायद्याने नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. फ्लॅट तुमच्या एकट्याच्या नावावर असला तरी अर्धा तिचा. तिची सही मागितली ती उगाच नव्हे.

तुमच्याच धंद्यातलं एक उदाहरण सांगते. अमेरिकेत कर्ट शिलिंग या बेसबॉलपटूने काढलेला ‘थर्टी एट स्टुडिओज’ नावाचा स्टुडिओ होता. ऱ्होड आयलंड राज्याने ७.५ कोटी डॉलरच्या कर्जाला हमी दिली, म्हणून कंपनी २०११ मध्ये मॅसॅच्युसेट्स सोडून प्रॉव्हिडन्सला गेली. माणसं बिऱ्हाडं घेऊन मागोमाग गेली. जुन्या घरांचं ओझं उतरवायला कंपनीने मदत देऊ केली होती. मे २०१२ मध्ये पगार थांबले, २४ मे रोजी सगळ्यांना नारळ मिळाला आणि जूनमध्ये दिवाळखोरीचा अर्ज गेला. त्यानंतर काही जणांना कळलं, की जे घर विकलं गेलं असं ते धरून चालले होते ते विकलंच गेलेलं नाही आणि त्याचं कर्ज अजून त्यांच्याच नावावर आहे. नोकरी गेलेली, राहायचं घर नव्या गावात आणि जुन्या घराचे हप्ते पुन्हा दारात.

तिथला कायदा वेगळा, पण हा धोका इथेही जसाच्या तसा आहे. आपल्याकडे विक्रीखत नोंदवल्याशिवाय मालकी बदलत नाही. साठेखताने नाही, मुखत्यारपत्राने तर नाहीच. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हे स्पष्ट सांगितलं आहे. तुमच्या बाबतीत म्हापशाच्या सब-रजिस्ट्रारसमोर खरेदीदाराच्या नावे खत नोंदेपर्यंत फ्लॅट तुमचा, आणि बँक खातं बंद करेपर्यंत कर्जही तुमचं. हप्ते कंपनी भरणार हा तुमच्या-कंपनीतला समझोता. बँक त्यात कुठेच नाही. कंपनीने हप्ता चुकवला की सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग तुमच्या नावाला. ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे बुडीतकडे झुकलेलं, मग सरफेसी कायद्याखाली (ज्याने बँक गहाण घर ताब्यात घेऊ शकते) ६० दिवसांची नोटीस, तीही पर्वरीच्या बंद दारावर, तुम्ही पुण्यात असताना.

खाणी २०१२ च्या सप्टेंबरात बंद पडल्या तेव्हा मी डिचोलीला बँकेत कर्जविभागात होते. एक ट्रकमालक काउंटरवर चावी ठेवून म्हणाले, ‘बाय, ट्रक तुम्हीच घ्या.’ चावी घेतली तरी कर्ज फिटत नाही, ट्रक विकून कमी पडेल तेवढं त्यांनाच भरावं लागेल, हे मला त्यांना सांगावं लागलं. ते चावी उचलेनात. म्हणून हे एवढं खडसावून लिहितेय.

कंपनीकडे मदत जरूर मागा, पण रोख आणि आधी. सामानाचं, पुण्यातल्या डिपॉझिटचं आणि सहा महिन्यांच्या हप्त्यांएवढी रक्कम पर्वरी सोडण्यापूर्वी तुमच्या खात्यात यायला हवी. पत्रात बहुधा असं कलम असेल, की वर्षाच्या आत नोकरी सुटली तर हे पैसे परत करायचे. कंपनीने स्वतः काढलं किंवा कंपनीच बंद पडली तर वसुली नाही, हे त्यात लिहून घ्या. एचआरच्या फोनवरच्या शब्दाचा काही उपयोग नाही. कंपनी दिवाळखोरीत गेली की तिच्यावरचे दावे थांबतात. पुढे ती मोडीत निघाली तर २०१६ च्या दिवाळखोरी कायद्याप्रमाणे कर्मचाऱ्यांच्या बारा महिन्यांपर्यंतच्या थकलेल्या पगाराला रांगेत जरा वरची जागा आहे, तीही गहाणदार बँकांच्या मागे. फ्लॅट विकून देण्याचं आश्वासन हा पगार नव्हे. ते रांगेत कुठे तळाला जाईल याचा विचार करा.

फ्लॅटची घाई नको. पहिलं वर्ष लीव्ह-लायसन्सवर द्या. पर्वरीला भाडेकरू मिळायला अडचण नसते, सोसायटीला मात्र आधी कळवा. विकायचाच असेल तर खरेदीदार तुम्ही ठरवा, एजन्सीला फक्त गिऱ्हाईक आणू दे. त्याच्या बँकेचा चेक थेट तुमच्या कर्जखात्यात जाऊ दे. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत देणं बँकेला बंधनकारक आहे; बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. ‘नो ड्यूज’ पत्रही त्याच वेळी मागून घ्या. भांडवली नफ्याच्या कराचं तुमच्या सीएला विचारा.

ज्या सहकाऱ्यांनी सह्या केल्या त्यांना सांगा, की मुखत्यारपत्र रद्द करता येतं. पैशांच्या मोबदल्यात दिलेलं असेल तर गुंता वाढतो, तेव्हा आधी वकिलाला दाखवा. रद्दपत्र केल्यावर एजन्सीला आणि आपल्या बँकेला लेखी कळवून पोच घ्या. फ्लॅट दाखवायला गिऱ्हाईक यायच्या आत हे झालं पाहिजे.