अमेरिकेतली एकोणिसाव्या शतकातली खासगी राजकीय टोकनं जमवायची आहेत, सुरुवात कुठून करू?

‘हार्ड टाइम्स’ टोकनांपासून करा. १८३७ च्या मंदीत बँकांनी नोटांच्या बदल्यात सोनं-चांदी देणं थांबवलं, नाणी दडवली गेली आणि खासगी लोकांनी पाडलेली ही तांब्याची टोकनं सेंट म्हणून चालली. माझं सर्वांत आवडतं १८३७ चं: एका बाजूला तिजोरी वाहणारं कासव, दुसऱ्या बाजूला पळणारं गाढव आणि भोवती ‘मी माझ्या थोर पूर्वसुरींच्या पावलावर पाऊल टाकतो’ अशा अर्थाचे शब्द. आधीचे राष्ट्राध्यक्ष जॅक्सन आणि त्यांच्या जागी आलेले व्हॅन ब्युरेन, दोघांवर एकदम वार! आधी सहज मिळणारी, अक्षरं स्पष्ट असलेली घ्या. आणि कृपा करून तांबं घासू नका. मूळचा तपकिरी रंग गेला की परत येत नाही.