डेटमधले बी आणि कर्नलमधला र

प्रश्न : कर्ज या अर्थाचा ‘डेट’ आणि शंका या अर्थाचा ‘डाउट’ या शब्दांत बी हे अक्षर लिहितात, पण उच्चारत नाहीत. पूर्वी त्याचा उच्चार होत असे का?

उत्तर : नाही. हे शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आले तेव्हा त्यांच्या स्पेलिंगमध्येही बी नव्हते. पंधराव्या-सोळाव्या शतकांत लॅटिनचा दबदबा वाढला आणि या शब्दांचे मूळ लॅटिनमधील ‘देबितुम’ व ‘दुबितारे’ यांत आहे हे डोळ्यांना दिसावे म्हणून विद्वानांनी ते अक्षर मध्ये बसवले. लिहिणाऱ्यांनी ते उचलले. बोलणाऱ्यांनी मात्र दाद दिली नाही. शेक्सपिअरच्या ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’ या १५९८ साली छापलेल्या नाटकात होलोफर्नीस नावाचा पंतोजी, लोक नेमके हेच बी गिळतात म्हणून त्रागा करतो, आणि त्याचा हा त्रागा अर्थातच हसण्यासाठी आहे.

‘रिसीट’मधले पी याच मार्गाने आले, मात्र त्याच लॅटिन धातूच्या कुळातील ‘डिसीट’मध्ये ते टिकले नाही, यावरून ही दुरुस्ती किती लहरी होती ते कळते. ‘आयलंड’मधले एस तर निव्वळ चुकीचे आहे, कारण हा शब्द मूळचा इंग्रजीच असून लॅटिन ‘इन्सुला’शी त्याचे नाते नाही. ‘फॉल्ट’ची गोष्ट उलटी झाली. त्यात घातलेला ल बराच काळ मुका होता, इतका की १७११ मधील एका काव्यात अलेक्झांडर पोप या इंग्रज कवीने ‘फॉल्ट’चे यमक ‘थॉट’शी जुळवले आहे, पण पुढे तो उच्चारात शिरला आणि आज विजेच्या लाइनीतला फॉल्ट शोधणारा आपला वायरमनही तो स्पष्ट उच्चारतो.

सरदार या अर्थाच्या ‘नाइट’मधले आणि ‘नाइफ’मधले के मात्र या गटातले नव्हे. ते खरोखर उच्चारले जाई आणि सतराव्या शतकाच्या सुमारास जिभेवरून गळाले. आपल्याकडे जुन्या पुस्तकांत ‘घरें’, ‘कांहीं’ असे जे व्युत्पत्तीने सिद्ध होणारे अनुस्वार दिसतात, त्यांची जात हीच. फरक इतकाच की १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी आपण अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. इंग्रजीने के जपून ठेवले.

प्रश्न : ‘कर्नल’च्या स्पेलिंगमध्ये आर नाही, मग र कोठून आला?

उत्तर : फ्रेंचमधून. सैन्याची रांग या अर्थाच्या शब्दावरून इटालियनमध्ये ‘कोलोन्नेल्लो’ हे पद तयार झाले. एका शब्दात दोन ल जवळ आले की त्यांपैकी एकाचा र होणे ही अनेक भाषांतील खोड आहे. त्यानुसार फ्रेंचमध्ये ‘कोरोनेल’ झाले आणि सोळाव्या शतकात इंग्रजांनी तेच घेतले. नंतर स्पेलिंग इटालियन वळणाचे झाले, उच्चार मात्र जुनाच राहिला. मराठीत आपण कानांवर विसंबून ‘कर्नल’ लिहितो, त्यामुळे हा घोळ आपल्याला इंग्रजी स्पेलिंग पाठ करतानाच प्रथम दिसतो.