कमरेच्या दुखण्यानंतर कामावर कसे परतावे?

प्रश्न : मी जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका डाळ मिलमध्ये नऊ वर्षांपासून कट्टे उचलण्याचे काम करतो. दोन महिन्यांपूर्वी मिलमध्ये 50 किलोचा कट्टा पाठीवर घेताना कमरेची चकती सरकली. डॉक्टर आता हळूहळू काम सुरू करा म्हणतात, तर मालक म्हणतात, "पूर्ण बरा हो, मगच ये." परदेशात रजेवरील कामगारांना कामावर परत आणण्याचे कार्यक्रम असतात म्हणे. ते कसे असतात? माझा कामगार विमा आहे.
– एक वाचक, जळगाव

उत्तर : मालकांचा सल्ला आपुलकीचा असला तरी आपण डॉक्टरांचेच ऐकावे. अशा दुखण्यात फार काळ पडून राहिल्याने स्नायू दुबळे होतात, वाकण्याची भीती मनात घर करते आणि रजा जितकी लांबते तितके परतणे अवघड होते.

आपण म्हणता त्या कार्यक्रमांत व्यायामोपचार असतातच, परंतु खरा भर कामाच्या जागेवर असतो. कॅनडातील शेरब्रुक येथे पाठदुखीने रजेवर गेलेल्या कामगारांचा अभ्यास झाला, तो 1997 मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे उपचारांबरोबरच तज्ज्ञांनी कारखान्यात जाऊन, कामगार आणि पर्यवेक्षक दोघांनाही सोबत घेऊन, कामाची पद्धत तपासली व बदलली. हे दोन्ही ज्यांना मिळाले ते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा सुमारे 2.4 पट वेगाने मूळ कामावर परतले. जर्मनीत रोज थोड्या तासांपासून सुरुवात करून काही आठवड्यांत पूर्ण वेळेवर जाता येते आणि तोवर आजारपणाचा भत्ता चालू राहतो.

आपल्याकडे ही सोय नाही, ही मला मोठी उणीव वाटते. कामगार राज्य विमा योजनेत ज्या दिवसाची मजुरी मिळते त्या दिवसाचा लाभ मिळत नाही, म्हणून कमी तासांच्या कामाची मजुरी आधीच ठरवून घ्यावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपली इजा कामावरचा अपघात म्हणून नोंदली गेली आहे का, हे आजच विचारावे. साध्या आजारपणात सरासरी वेतनाच्या 70 टक्के रक्कम वर्षाला 91 दिवसांपर्यंतच मिळते. कामावरच्या इजेत मात्र तात्पुरते अपंगत्व असेपर्यंत 90 टक्के मिळते.

डॉक्टरांकडून "हलके काम द्यावे" एवढेच लिहून घेऊ नका. किती किलोपर्यंत उचलायचे, सलग किती वेळ उभे राहायचे, किती आठवड्यांनी पुन्हा तपासायचे, हेही त्यात असू द्या. तो कागद घेऊन मालकांशी बोला आणि कट्ट्यांची शिलाई किंवा वजनकाट्यावरील नोंद असे काम मागा, मात्र सलग बसून राहू नका. पायातील ताकद कमी झाली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर काम थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा.