घरच्या घरी बाइकच्या क्लचप्लेट बदलता येतात का?

तुम्ही लिहिलंय की १०० सीसीची जुनी स्प्लेंडर आहे, यवतेश्वरचा घाट चढताना इंजिन नुसतं ओरडतं पण गाडी ओढत नाही, आणि गॅरेजवाल्याने ‘क्लचप्लेट गेल्या’ असं सांगितलंय. घरी बदलता येतात. पाने हातात धरायची सवय असेल तर सुट्टीच्या दिवशी निवांत होणारं काम आहे. मी काही मेकॅनिक नाही, पण घरातल्या आणि शेजारच्या गाड्यांचे क्लच मीच खोलतो, त्या अनुभवावर सांगतो.

कव्हरला हात लावायच्या आधी दोष प्लेटचाच आहे ना, हे बघा. लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल हवी, म्हणजे तेवढं दाबेपर्यंत केबलला ताण यायला नको. ही चाल नसेल तर तुम्ही बोटं काढलीत तरी क्लच थोडा दाबलेलाच राहतो आणि चांगल्या प्लेटसुद्धा घसरतात. अ‍ॅडजस्टर फिरवून चाल द्या आणि पुन्हा एकदा घाट चढून बघा. कित्येकांचं काम इथेच फुकटात होतं.

दुसरा संशयित म्हणजे ऑइल. आपल्या गाड्यांचा क्लच इंजिन ऑइलमध्येच फिरतो. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. ती कारला चालतात, कारण तिचा क्लच ऑइलमध्ये नसतो. बाइकच्या प्लेट मात्र त्याने घसरायला लागतात. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ (ऑइलमधल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची जपानी मानकं) लिहिलेलं असेल तरच ते ऑइल घाला. घरात कारचं उरलंय म्हणून बाइकमध्ये ओतणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत.

दोन्ही ठीक असेल तर सपाट मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये, ४० च्या आसपास वेग असताना एकदम रेस द्या. आवाज झटकन चढला आणि काटा मात्र जागेवर रेंगाळला, तर प्लेट झिजल्या. उलट क्लच दाबूनही गाडी पुढे सरकत असेल, न्यूट्रल सापडत नसेल, तर तो वेगळा आजार. तिथे केबल सैल असते किंवा प्लेट वाकलेल्या असतात.

सामान घेताना फायबर प्लेटचा (घर्षणाचं अस्तर असलेल्या प्लेटचा) सेट, स्प्रिंगा, कव्हरचं पॅकिंग आणि ताजं ऑइल हे सगळं एकदमच आणा. दुकानदाराला गाडीचं मॉडेल आणि साल सांगा, नाव तेच असलं तरी प्लेट बदलतात. स्प्रिंगा वाचवायच्या भानगडीत पडू नका. नव्या प्लेटवर थकलेल्या स्प्रिंगा लावल्या की दाब कमी पडतो आणि तेच दुखणं परत येतं. नव्या फायबर प्लेट आदल्या रात्रीच इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच चढाला जळू शकतात.

आता खोलणं. इंजिन थोडं कोमट असताना ऑइल काढून घ्या. क्लच उजव्या बाजूच्या कव्हरमागे आहे. किक, फूटरेस्ट, आड येत असेल तर सायलेन्सरही काढावा लागतो. क्लच केबल सोडवा. कव्हरचे बोल्ट सारख्या लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढा आणि जिथला बोल्ट तिथेच पुठ्ठ्यात खोचत जा. कव्हर चिकटून बसतं. फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटायचं नाही, नाहीतर ॲल्युमिनियमला खाच पडते आणि पुढे कायम ऑइल गळतं. रबरी हातोड्याने कडेकडेने ठोकत गेलं की सुटतं. सुटलं की आधी कव्हरच्या आतल्या बाजूला बघा. किकच्या शाफ्टवरचा पातळ वायसर कधीकधी ऑइलमुळे कव्हरलाच चिकटून येतो, नुसत्या डोळ्यांना तो दिसतही नाही. बोट फिरवलं तर सापडतो. तो हरवला तर किकचा गोंधळ होतो.

समोर क्लच दिसतो. स्प्रिंगांचे चार बोल्ट आळीपाळीने, समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करा. बऱ्याच व्हिडिओंमध्ये यानंतर प्लेट लगेच हातात येतात. त्या गाड्यांची प्रेशर प्लेट, म्हणजे बाकीच्या प्लेटना दाबून धरणारी प्लेट, बाहेरच्या बाजूला असते. आपल्या १००-१२५ सीसीच्या बहुतेक गाड्यांत ती आत, प्लेटच्या मागे असते. म्हणजे मधला हब (ज्यावर प्लेट बसतात तो गाभा) बाहेर काढल्याशिवाय प्लेट निघत नाहीत. हब धरून ठेवायला कुठे सर्क्लिप (खाचेत बसणारी तुटक स्प्रिंगची कडी) असते, कुठे खाचांचा गोल नट. सर्क्लिप असेल तर साधी सर्क्लिप पक्कड पुरते. नट असेल तर त्याचा खास सॉकेट आणि हब फिरू नये म्हणून होल्डर, दोन्ही लागतात. छिन्नी-हातोड्याने नट फिरवणारे तुम्ही पाहिले असतील. नट निघतो, पण खाचा फाटतात आणि धातूचा कीस इंजिनमध्ये पडतो. हत्यार मिळत नसेल तर तेवढ्यासाठी ओळखीच्या गॅरेजमधून मागून आणा.

प्लेट निघतील त्याच क्रमाने ओळीत मांडून ठेवा, नाहीतर फोटो काढा. जळलेल्या फायबर प्लेटला करपट वास येतो आणि तिचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो. व्हर्नियर (बारीक मापाचं मोजपट्टीसारखं साधन) असेल तर जाडी मोजा. अशा छोट्या गाड्यांची नवी प्लेट साधारण ३ मिलिमीटरची असते, २.६ च्या खाली गेली की ती संपली. स्टील प्लेट निळसर पडल्या असतील किंवा सपाट काचेवर ठेवल्यावर डुगडुगत असतील तर त्याही बदला, एरवी धुऊन परत वापरता येतात. क्लचच्या बाहेरच्या हौसिंगच्या बोटांवर नखाने चाचपून बघा. प्लेटच्या दात्यांनी तिथे खाचा पाडलेल्या असतात. किरकोळ असतील तर बारीक कानशीने साफ करा. खोल असतील तर हौसिंग बदलणंच बरं, कारण प्लेट त्यात अडकून क्लच झटके देत राहतो.

कव्हर उघडलंच आहे तर खालची ऑइलची जाळी आणि क्रँकच्या टोकाची गोल फिल्टर वाटीही पुसून घ्या. त्या वाटीत साचलेला काळा चिखल पाहून तुम्हीच म्हणाल, हे आधी का नाही केलं.

जोडताना फायबर, स्टील, फायबर असा क्रम, दोन्ही टोकांना फायबरच. स्प्रिंगांचे बोल्ट पुन्हा समोरासमोर घट्ट करा. हे बोल्ट ६ मिलिमीटरचे आहेत, त्यांना १० ते १२ न्यूटन-मीटरपुरताच जोर लागतो. लांब पान्याने ताकद लावलीत तर आटे जातात आणि दिवसाचं काम आठवड्यावर जातं. जुन्या पॅकिंगचा कण न् कण खरवडून नवं लावा, दोन डॉवेल (कव्हर नेमकं जागेवर बसवणाऱ्या छोट्या पिना) जागेवर आहेत ना बघा, मग कव्हर सरळ दाबून बसवा. ऑइल भरल्याशिवाय किक मारू नका. केबलची चाल पुन्हा लावा, कारण नव्या प्लेटमुळे ती बदललेली असते.

पहिले काही दिवस घाटात अर्ध्या क्लचवर गाडी खेळवू नका, प्लेट एकमेकींना बसू द्या. दोन-चार दिवसांनी चाल पुन्हा तपासा आणि सकाळी कव्हरच्या खालच्या कडेवरून बोट फिरवा. ओलं लागलं तर बोल्ट हलक्या हाताने एकदा आवळा. तरीही पाझरत असेल तर बोल्टवर आणखी जोर काढू नका, पॅकिंग बदला.