मी ‘नको’वर सही केली, मुलगी बोलेनाशी झाली

प्रश्न : बाई, माझी मुलगी नववीत आहे, मुलगा पाचवीत. दोघांची शाळा एकच, ७.१० ला भरते. आता माध्यमिकचे वर्ग ८.३० ला भरवायचा प्रस्ताव आलाय आणि पालकांकडून लेखी मत मागवलंय. मी ‘नको’ लिहून सही केली. मला ७.४५ ला घर सोडावं लागतं, ह्यांची पाळी फिरती. धाकट्याला सोडायचं, मोठीला घरात एकटी ठेवून निघायचं, हे मला झेपणारं नाही. मुलीला ते कळलं. ‘माझ्या झोपेवर तू सही केलीस,’ एवढंच म्हणाली. चार दिवस झाले, कामापुरतं बोलते. सासरे म्हणतात, लवकर निजे लवकर उठे, हे वळण लागलंच पाहिजे. माझं चुकलं का?

उत्तर : आधी तुमच्या मुलीच्या बाजूने लिहिते, कारण पालकसभेत तिच्या बाजूने बोलायला ती स्वतः नसते.

नववीतलं मूल रात्री साडेअकरापर्यंत टक्क जागं असतं, ते दरवेळी मोबाइलपायी नव्हे. अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन नावाचं संप्रेरक स्रवू लागतं आणि शरीराला झोपेची चाहूल लागते. वयात येताना ही वेळच एक ते दोन तास पुढे सरकते. दिवसभराच्या जागरणाने डोळ्यांवर जी झापड येते, तीही या वयात सावकाश येते. म्हणून नऊला दिवा मालवला तरी ती कुशी बदलत पडून राहते. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. साडेअकराला डोळा लागला आणि साडेपाचला उठवलं, तर तिच्या वाट्याला ६ तास येतात. तेही रोज. तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा आणि एवढं समजावा की, त्यांची म्हण त्यांच्या वयाला आणि धाकट्याच्या वयाला चपखल बसते. नातीच्या वयाला ती बसत नाही, त्यात तिच्या वळणाचा दोष नाही.

मला हे फार उशिरा कळलं. २८ वर्षं मी नववीला गणित शिकवलं, बहुतेक वर्षं पहिला तास माझाच. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा रोज पेंगायचा. मी त्याला उभं करायचे. उभ्यानेही तो पेंगायचा, मग वर्ग हसायचा, आणि मी त्याला आळशी म्हणायचे. एका वर्षी इमारतीच्या दुरुस्तीमुळे चार महिने आमची शाळा दुपारी भरली. तोच मुलगा, तेच बाक, तीच मी. तो फळ्यापाशी येऊन प्रमेय सिद्ध करू लागला. पुन्हा सकाळची शाळा सुरू झाली आणि तो पुन्हा मिटला. तेव्हाही मी त्याला उभंच केलं. ते आजही मला खुपतं.

‘शाळा उशिरा भरली की पोरं तेवढीच उशिरा झोपतील,’ हा मुद्दा तुमच्याही सभेत निघाला असेल. अमेरिकेतल्या सिएटल शहराने २०१६ मध्ये माध्यमिक शाळांची वेळ ७.५० वरून ८.४५ केली. संशोधकांनी मुलांच्या मनगटाला उपकरणं बांधून झोप मोजली. शाळेच्या दिवशीची झोप सुमारे ३४ मिनिटांनी वाढली होती. मिळालेला सगळा वेळ काही मुलांनी जागण्यात घालवला नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर २०१४ मध्येच सांगितलं होतं की, या वयाची शाळा साडेआठच्या आधी भरवू नये.

आता तुमच्याकडे वळते. तुमची सही मला पूर्ण समजते. वेळ बदलायचा ठराव शाळा करते, पण त्याची किंमत ज्याची सकाळ आधीच मिनिटामिनिटाने बांधलेली आहे, तो माणूस मोजतो. घरात ती बहुतेक वेळा आई असते. मी स्वतः पहिल्या तासाला पोचण्यासाठी माझी मुलगी झोपेत असतानाच घर सोडायचे. तिच्या वेण्या शेजारच्या काकूंनी घातल्या. त्या काकू नसत्या तर मीही तुमच्यासारखीच सही केली असती.

अमेरिकेतल्याच कॅलिफोर्निया राज्याने २०१९ मध्ये मोठ्या मुलांची शाळा उशिरा भरवण्याचा कायदा केला, पण तो २०२२ मध्ये लागू केला. मधली वर्षं शाळांना आणि घरांना तयारीसाठी मिळाली. फ्लोरिडाने २०२३ मध्ये तसाच कायदा केला आणि २०२५ मध्ये ती सक्ती काढून टाकली, कारण बसगाड्यांचा आणि माणसांचा मेळ बसेना. गाडी एकच असते, ती आधी एका वयाची मुलं पोचवते, मग दुसऱ्या. एकाची वेळ उशिराची झाली की दुसऱ्याची लवकरची होते. दोन सत्रांत चालणाऱ्या शाळांत खोल्यांचंही हेच होतं. महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग ९ च्या आधी भरवू नयेत असं ठरवलं. लहानग्यांसाठी ते चांगलंच झालं. पण खोल्या तेवढ्याच असतील तर पहाटेचं सत्र कोणाच्या गळ्यात पडणार? ज्यांना सकाळी उठणं सगळ्यात जड जातं, त्याच मोठ्या मुलांच्या. तुमच्या शाळेने निदान ही गोष्ट उलट केली आहे. धाकट्याचं काय, याचं उत्तर मात्र दिलेलं नाही, आणि तुमचं भांडण तिथेच आहे.

म्हणून दुसरं पत्र लिहा. नुसतं ‘नको’ लिहू नका, ‘या अटीवर हो’ असं लिहा. ज्या मोठ्या मुलांना लवकर यावं लागेल त्यांच्यासाठी ७ वाजता फाटक उघडावं, ग्रंथालय उघडं असावं आणि तिथे एक जबाबदार माणूस बसलेलं असावं. शाळा सुटण्याची वेळ किती पुढे जाणार, खेळाचा तास राहणार की जाणार, हे लेखी मिळावं. आणखी चार पालकांच्या सह्या घ्या. तुमच्यासारखी अडचण असलेली आई त्या सभेत तुम्ही एकट्याच असाल, असं मला वाटत नाही.

हे पत्र मुलीला शेजारी बसवून लिहा. ‘७.४५ नंतर तू शाळेला निघेपर्यंत घरात एकटी राहशील का, कुलूप लावून वेळेवर निघशील का,’ हे तिलाच विचारा. नववीतली मुलगी ‘हो’ म्हणाली तर तिच्यावर विश्वास ठेवा. पहिले आठ दिवस शाळेत पोचल्याचा निरोप मागा. मग तोही मागू नका.

प्रश्न : नातू अकरावीत आहे. रविवारी साडेअकरापर्यंत झोपतो. उठवू की झोपू देऊ? सून म्हणते झोपू द्या, मुलगा म्हणतो उठवा.

उत्तर : आजोबा, आठवडाभराची थकबाकी तो एका सकाळी फेडू पाहतो, म्हणून त्याला आळशी म्हणू नका. पण साडेअकरापर्यंत झोपला तर रविवारी रात्री झोप येत नाही आणि सोमवार आणखी अवघड जातो. रोजच्यापेक्षा तास-दीड तास जास्त झोपू द्या. मग हाक न मारता खोलीचे पडदे बाजूला करा. सकाळचा उजेड डोळ्यांवर आला की शरीराचं घड्याळ थोडं अलीकडे येतं. जागा झाला की त्याला सोबत घेऊन बाहेर चालायला जा.