मेजर लीगमध्ये जम न बसलेल्या कॅचरला मायनर लीगचा संघ सांभाळायला का देतात?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलं आहे, ‘ज्याला स्वतःला वरच्या पातळीवर बॅट चालवता आली नाही, तो दुसऱ्यांना काय शिकवणार?’ त्या ओळीमुळेच उत्तर लिहायला बसलो. ज्या माणसाच्या संघामुळे मी बेसबॉल बघायला शिकलो, त्याच्या मेजर लीगच्या (अमेरिकी बेसबॉलची सर्वांत वरची पातळी) खात्यावर एकूण एक हिट (फटका मारून बेस गाठणं) जमा आहे. 1983 मध्ये बाल्टिमोरकडून दोन सामने, 1985 मध्ये मिल्वॉकीकडून पंधरा, मिळून 21 अधिकृत अ‍ॅट-बॅट (बॅटिंगच्या पाळ्या) आणि हिट एक. सरासरी .048. नाव डेव्ह हपर्ट, जागा कॅचरची, म्हणजे बेसबॉलच्या यष्टिरक्षकाची.

मी मूळचा साताऱ्याचा, आता पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅलनटाउनजवळ राहतो. 2008 साली ओटावाचा ट्रिपल-ए (मायनर लीगची सर्वांत वरची पायरी) संघ इथे हलवला गेला. शेजारच्या बेथलेहेमच्या पोलादाची आठवण म्हणून त्याचं नाव ठेवलं लीहाय व्हॅली आयर्नपिग्ज. वरचा मेजर लीग क्लब फिलाडेल्फिया, पहिला मॅनेजर हपर्ट. आणि हा संघ पहिले 11 सामने ओळीने हरला! तरी लोक येत राहिले, त्या वर्षी सहा लाखांवर तिकिटं खपली. मीही जात होतो. खेळ कळत नव्हता, पण साताऱ्यात टेनिस बॉलच्या स्पर्धांमध्ये मी कायम कीपिंग केलेलं. त्यामुळे मैदानात बसलो की नजर आपोआप कॅचरकडे जायची, आणि त्याच्याकडे बघत बघत खेळ उलगडत गेला.

मैदानावरच्या नऊ जणांत एकटा कॅचर उलट्या दिशेला तोंड करून बसतो. बाकी आठ जणांना बॅटर दिसतो, कॅचरला अख्खं मैदान दिसतं. पुढचा चेंडू कुठला टाकायचा याची खूण त्यानेच पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, द्यायची. बॅटरचा पाय किती पुढे सरकलाय, धावणारा पुढचा बेस चोरायच्या बेतात आहे का, पिचरचा खांदा थकलाय की डोकं बिनसलंय, हे सगळं त्याने ताडायचं. आणि दर चेंडूला उकिडवं बसायचं. क्रिकेटचा कीपर निदान षटकं संपली की चालत पलीकडे जातो. याला इनिंग संपेपर्यंत हलता येत नाही. मुख्य म्हणजे संघातल्या प्रत्येक पिचरचा स्वभाव त्याला पाठ असावा लागतो. कोणाला दटावायचं, कोणाच्या पाठीवर हात ठेवायचा, कोणाला नुसतं दोन मिनिटं थांबवायचं, हे ओळखणं रोजचं काम. मॅनेजरचं काम म्हणजे हेच, फक्त नऊऐवजी पंचवीस माणसांचं.

आता हपर्टची एक रात्र सांगतो.

18 एप्रिल 1981, शनिवार. र्‍होड आयलंडमधल्या पॉटकेट गावात मॅकॉय स्टेडियमवर पॉटकेट आणि रॉचेस्टर यांचा ट्रिपल-ए सामना. सुरुवातीला 1,740 प्रेक्षक. ठरलेल्या नऊ इनिंगनंतर (एका इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा बॅटिंग करतात) 1-1. बेसबॉलमध्ये बरोबरी झाली की पुढच्या इनिंग खेळत राहायच्या. थंडी कडाक्याची, वारा बॅटरच्या तोंडावर, मारलेला चेंडू हवेतच अडायचा. खेळाडूंनी मोडक्या बॅटी जाळून डगआउटमध्ये (खेळाडूंच्या बसायच्या जागेत) शेकोटी केली. अमुक वेळेनंतर नवी इनिंग सुरू करू नये असा लीगचा नियम होता, पण पंचांच्या हातातल्या प्रतीत तो छापलेलाच नव्हता. म्हणून खेळ थांबेना.

21व्या इनिंगमध्ये रॉचेस्टरला आघाडी मिळाली, ती हपर्टच्या डबलवर, म्हणजे मारणाऱ्याला दुसऱ्या बेसपर्यंत नेणाऱ्या फटक्यावर. तेव्हा तो वीस इनिंग प्लेटमागे, म्हणजे बॅटरच्या मागे, बसून झालेला होता. सामना तिथेच संपायचा. पण पॉटकेटच्या वेड बॉग्जने डबल मारून पुन्हा बरोबरी केली. आपल्या संघातल्या पोरांना मला मिठी मारावीशी वाटतेय की गुद्दा, तेच कळत नव्हतं, असं बॉग्जने नंतर सांगितलं. हपर्ट परत पॅड बांधून बसला.

तो एकूण 31 इनिंग बसला. नेहमीच्या सामन्यांच्या हिशेबाने सलग साडेतीन सामने, एकाच रात्रीत. शेवटी लीगच्या अध्यक्षांशी फोनवर बोलणं झालं आणि 32 इनिंगनंतर पहाटे 4 वाजून 7 मिनिटांनी खेळ थांबवला. स्टँडमध्ये 19 माणसं उरली होती, सकाळी ईस्टर. उरलेला सामना 23 जूनला झाला आणि 33व्या इनिंगमध्ये 18 मिनिटांत पॉटकेटने 3-2 असा जिंकला. व्यावसायिक बेसबॉलमधला हा सर्वांत लांब सामना, एकूण 8 तास 25 मिनिटांचा.

या सामन्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण बॉग्ज आणि रॉचेस्टरच्या थर्ड बेसवरच्या कॅल रिपकनची नावं घेतात, कारण दोघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. मला मात्र त्या रात्रीचा खरा माणूस हपर्ट वाटतो. रिपकनने थर्ड बेसवर उभं राहून ती रात्र काढली. हपर्टने शेकडो चेंडू अंगावर घेतले, आणि एकामागून एक येणाऱ्या ताज्या दमाच्या पिचरना स्वतः थकलेला असताना सांभाळलं. त्यांतल्या जिम अंबार्गरने तर एकही धाव न देता दहा इनिंग टाकल्या. खेळ वाचायचं शिक्षण मिळतं ते असं.

त्या रात्री रॉचेस्टरच्या डगआउटमध्ये मॅनेजर म्हणून बसलेले डॉक एडवर्ड्‌स हेही जुने कॅचर. क्लीव्हलंड, कॅन्सस सिटी, यँकीज असे खेळलेले. 1970 मध्ये ते फिलाडेल्फियात कोच होते. 2 मे रोजी एकाच इनिंगमध्ये फिलाडेल्फियाच्या दोन्ही कॅचरची हाडं मोडली, आधी टिम मॅकार्व्हर, मग त्याच्या जागी आलेला माइक रायन. त्यानंतर पाच वर्षं मेजर लीगपासून दूर असलेल्या एडवर्ड्‌सना कोचाचं काम सोडून पुन्हा पॅड बांधावे लागले. पुढे 1987 ते 1989 त्यांनी क्लीव्हलंडचा मेजर लीग संघ सांभाळला. ते काम गेल्यावर घरी बसले नाहीत. छोट्या स्वतंत्र लीगमध्ये, टेक्सासच्या सॅन अँजेलोसारख्या गावात, पंचाहत्तरीच्या आसपासही संघ चालवत होते. हपर्टला मॅनेजरगिरी कोणी वर्गात शिकवली नसेल. अशा माणसाच्या हाताखाली खेळणं हेच शिक्षण.

आपल्याकडे हे नातं कळायला चंद्रकांत पंडित आठवावेत. भारताकडून पाच कसोट्या खेळलेला यष्टिरक्षक, पण रणजीत मुंबई, विदर्भ आणि मध्य प्रदेश या तिन्ही संघांना जिंकवणारा प्रशिक्षक. कसोट्या पाचच का, असं विचारून विदर्भाने त्यांना परत पाठवलं नाही.

तुमच्या प्रश्नात आणखी एक समजूत लपलेली आहे, की मायनर लीगच्या मॅनेजरचं काम सामने जिंकणं. ते दुय्यम आहे. खेळाडू त्याचे नसतात, वरच्या क्लबचे असतात. कोणाला खेळवायचं, पिचरने किती चेंडू टाकायचे, हे बरंचसं वरून ठरतं. उत्तम खेळणारा पोरगा सकाळी वर बोलावला जातो, आणि संध्याकाळी उरलेल्यांना घेऊन उभं राहायचं असतं. वर जाण्याची बातमी सांगायची ती मॅनेजरनेच, आणि ‘तुला सोडलंय’ हेही त्यानेच. दोन्ही दार लावून, त्याच खोलीत.

2008 चंच बघा. आयर्नपिग्ज 55 जिंकले, 89 हरले. तक्ता पाहून कोणीही म्हणेल, मॅनेजर नापास. पण त्याच वर्षी वरचा फिलाडेल्फिया वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, जिंकला. त्यांचा ब्रेट मायर्स हा हंगामाचा पहिलाच सामना सुरू करणारा पिचर, उन्हाळ्यापर्यंत त्याची लय पार हरवली होती. जुलैत त्याला मायनरमध्ये पाठवलं, तो आमच्याकडेही येऊन पिचिंग करून गेला. महिन्याअखेरीस वर परतला तो सुधारूनच, आणि ऑक्टोबरात मोठे सामने त्याने सुरू केले. याचं श्रेय एकट्या हपर्टला देणार नाही, त्यात पिचिंग कोचपासून खुद्द मायर्सपर्यंत बरेच हात होते. पण ज्या संघाचं काम अशी माणसं दुरुस्त करून वर धाडणं आहे, त्याचा हिशेब विजयांच्या रकान्यात कसा मांडणार? मी त्या अकरा पराभवांतले तीन मैदानात बसून पाहिलेत, आणि मला ते वर्ष फुकट गेल्यासारखं कधी वाटलं नाही.

दुसऱ्या वर्षी संघ बराच सावरला, 71-73 वर संपला. तेही मधोमध मोठा घाव सोसून. 29 जुलै 2009 ला फिलाडेल्फियाने क्लीव्हलंडकडून क्लिफ ली हा पिचर घेतला आणि बदल्यात चार तरुण दिले. त्यांतले तिघं आयर्नपिग्जचे होते. पिचर कार्लोस कारास्को, इनफिल्डर जेसन डोनाल्ड, आणि कॅचर लू मार्सन. वरच्या क्लबसाठी सौदा फायद्याचा होता, ली त्या वर्षी वर्ल्ड सिरीजमध्ये अप्रतिम खेळला. इथे मात्र एका दिवसात कॅचर गेला. म्हणजे सगळ्या पिचरचे स्वभाव पाठ असलेला माणूस गेला.

त्यानंतरच्या पहिल्या घरच्या सामन्याला मी लवकर पोचलो होतो. फाटकं नुकतीच उघडलेली, गवतावर पाणी मारून झालेलं. बुलपेनच्या (पिचरच्या सरावाच्या जागेच्या) जाळीपाशी उभा राहिलो. प्लेटमागे बसायला आता दुसरा कॅचर होता, गुडघ्याचे पॅड बांधलेले, मास्क डोक्यावर वर सारलेला. एक पिचर त्याला उजव्या हाताची बोटं एकेक करून दाखवत होता, कुठल्या खुणेला कुठला चेंडू ते. कॅचरने मान हलवली, तीच बोटं स्वतः करून दाखवली, मग दोघांनी ग्लोव्ह तोंडावर धरून बराच वेळ काहीतरी ठरवलं. शेवटी तो मागे चालत गेला, उकिडवा बसला आणि त्याने ग्लोव्ह पुढे धरला.