पेशी नंतर, आधी भोवतालचं जाळं बघ

पहिल्याच आठवड्यात तू प्लास्टिकच्या डिशमध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी वाढवून 'या पसरतात कशा' ते बघायला बसलीस, म्हणून सांगतो. डिश म्हणजे दगड; शरीरात पेशींच्या भोवती प्रथिनांच्या धाग्यांचं जाळं (एक्स्ट्रासेल्युलर मॅट्रिक्स) असतं. उंदराच्या निरोगी स्तनग्रंथीचा कडकपणा साधारण 170 पास्कल, गाठीचा 4,000च्या आसपास.

हा कडकपणा येतो कुठून? कर्करोगाच्या पेशी शेजारच्या फायब्रोब्लास्टना (हे जाळं विणणाऱ्या पेशींना) कामाला जुंपतात. ते कोलॅजन या प्रथिनाचे धागे ओततात, लायसिल ऑक्सिडेज हे एन्झाइम त्या धाग्यांना एकमेकांशी घट्ट बांधतं. मग धागे ओढले जाऊन गाठीच्या कडेशी काटकोनात उभे राहतात आणि पेशी त्याच रुळांवरून बाहेर पडतात. 'कर्करोग जाळं कुरतडतो' एवढंच पाठ करू नकोस. कुरतडणारी एमएमपी एन्झाइम्स रोखणारं मारिमास्टॅट हे औषध रुग्णांवरच्या चाचण्यांत फसलं, ते उगीच नाही.

तेव्हा कोलॅजनच्या जेलमध्ये काम कर. मॅट्रिजेल (तयार मिळणारं जाळ्याचं जेल) घेतलंस तर रात्रभर फ्रीजमध्ये बर्फावर ठेवून वितळव, पिपेटच्या टिपाही गार कर. नाहीतर उबेने पिपेटमध्येच घट्ट होतं. माझी अख्खी बाटली तशी गेली. आणि ते मुळात उंदराच्या सार्कोमातूनच काढतात (गंमतच आहे!), त्यामुळे बॅचगणिक फरक पडतो. बॅच नंबर वहीत लिहीत जा.